उभा न्हाई, टांगलाय: एआयवर पोजचा संग्रह करताना परत परत येणारा बिघाड

आधी लक्षणं. यातली तीन जरी तुमच्या फोल्डरला लागू पडत असली तरी पुढचं वाचा.

- फोल्डरमध्ये दोनशे-तीनशे पोज आहेत, पण कामाला बसलं की उपयोगाची एकही सापडत नाही.
- सगळ्या एका पानावर लावून बघितल्या तर निम्म्याहून जास्त माणसं समोरून, डोळ्याच्या उंचीवरून आणि पाऊण वळलेल्या चेहऱ्याची निघतात.
- चित्र नुसतं बघताना झकास वाटतं. त्यावर बेतून रेघ काढली की माणूस तरंगतो, नाहीतर मागे कलंडतो.
- पावलं हमखास खोटी. टाच जमिनीत रुतलेली, बोटं हवेत, कधी दोन्ही पावलं डावीच.
- पोजचा सांगाडा (शरीराच्या सांध्यांचं काड्यांचं चित्र) दिला तरी येणारी पोज भलतीच, किंवा सांगाडा दिल्याचा काही परिणामच नाही.
- दोन माणसं भिडली की हात कुणाचा आणि पाय कुणाचा ते कळत नाही.
- मागच्या महिन्यात छान आलेली पोज आता काही केल्या परत येत नाही.

मी कोल्हापुरात राहते. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, अधूनमधून कॉमिक्सचंही काम असतं. कुस्तीवरच्या एका गोष्टीसाठी मी आठवडाभर बसून अडीचशे पोज बनवल्या आणि मोठ्या कौतुकाने आमच्या गल्लीच्या टोकाला जी तालीम आहे तिथल्या वस्तादांना टॅबवर दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ह्यो गडी उभा न्हाई. टांगलाय."

मला कळेना. स्नायू ठसठशीत होते, माती लाल होती, उजेड तिरका पडला होता. वस्तादांनी चपला काढल्या आणि स्वतःच तसं उभं राहून दाखवायला गेले. पुढच्या क्षणी त्यांना भिंतीला हात टेकावा लागला. "बघा. हितनं फुडं माणूस पडतोच."

तेव्हापासून अशा पोजला मी 'टांगलेली' म्हणते. स्वतःच्या आणि ओळखीच्या चित्रकारांच्या फोल्डरांत हा बिघाड मी इतक्यांदा काढलाय की आता तपासण्यांचा क्रम पाठ झालाय. वर लिहिलेल्या लक्षणांपैकी बहुतेकांचं मूळ एकच आहे. चित्र बनवणारं मॉडेल कोट्यवधी चित्रं बघून 'असं दिसतं' एवढंच शिकलेलं असतं. शरीराचं वजन कुठल्या पायावर आहे याचा हिशेब त्यात कुठेच नसतो. तो हिशेब आपण बाहेरून घालायचा.

मी स्वतःच्या संगणकावर स्टेबल डिफ्युजन (वर्णनावरून चित्र बनवणारं मॉडेल) आणि कंट्रोलनेट (त्याला पोज नेमून देणारी जोड) वापरते. पण पहिल्या दोन तपासण्या कुठल्याही साधनाला लागू पडतात, अगदी फोनवरच्या फुकट अ‍ॅपलासुद्धा. आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

१. ओळंबा सोडून बघा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. फोल्डरमधली कुठलीही वीस चित्रं उचला. दोन हसल्या हाडांच्या मधे गळ्याखाली जो खड्डा असतो, तिथून सरळ खाली एक उभी रेघ मारा, गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तशी. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर रेघ त्या पावलावर यायला हवी. दोन्ही पायांवर असेल तर दोन पावलांच्या मधे कुठेतरी. रेघ पावलांच्या बाहेर पडली, माणूस धावत-उडत नाही, कशाला टेकलेला नाही, कुणाला रेटतही नाही, तर पोज टांगलेली. फोल्डरमधून काढून टाका. 'नंतर दुरुस्त करू' म्हणून ठेवलेल्या पोज नंतर कधीच दुरुस्त होत नाहीत, हे अनुभवाने सांगते.

ही तपासणी पहिली का? कारण एआयचं चित्र रंगवलेलं असतं. घाम, कापडाच्या चुण्या, पाठीमागचा उजेड यांनी डोळा खूश होतो आणि तोल बघायचं विसरतो. पेन्सिलीत आपण रंग घेत नाही, फक्त तोल घेतो. त्यामुळे जी चूक रंगाखाली झाकलेली असते ती रेघेत उघडी पडते.

त्याच बैठकीत दुसरी चाचणी उरका. क्रिता किंवा गिंप, चित्रं काढायची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यात आकृती आतून पूर्ण काळी भरा. सावलीसारखी. हात छातीवर आलेला असेल तर तो काळ्यात नाहीसा होतो आणि माणूस बुजगावण्यासारखा दिसतो. सावलीवरून काय चाललंय ते ओळखता येत नसेल तर ती पोज पुस्तकाच्या पानावर छोट्या आकारात कधीच वाचली जाणार नाही. काळ्या सावल्यांचं पान केलं की एकसारख्या पोजही पटकन डोळ्यांत भरतात. वेगळे कपडे आणि वेगळे चेहरे दिल्यामुळे ज्या पाच पोज पाच वाटत होत्या, त्या एकच निघतात.

२. नाव सांगू नका, भार सांगा

'शड्डू ठोकणारा पैलवान' असं इंग्रजीत कितीही फोडून लिहिलं तरी मला मांडीवर हात ठेवून फोटोसाठी उभा राहिलेला माणूसच मिळत होता. त्याचं कारण सोपं आहे. आपल्याकडच्या क्रियांची नावं मॉडेलने फारशी वाचलेलीच नाहीत, आणि वाचली असली तरी त्यांना जोडलेली चित्रं थोडी. लेझीम मागितली की कधी धनुष्य येतं, कधी दोरीवरच्या उड्यांची दोरी. लाकडी दांडा आणि झांजांची साखळी एकत्र असलेली वस्तू त्याच्या ओळखीचीच नाही.

म्हणून क्रियेचं नाव सोडा आणि शरीराचं वर्णन लिहा. 'सगळा भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल आणि वर उचललेला, कंबर उजवीकडे सरकलेली, डावा खांदा खाली, उजवा तळहात मांडीवर आपटण्याच्या क्षणी.' हे इंग्रजीत साध्या शब्दांत घाला. त्यातही महत्त्वाचं आधी लिहा. स्टेबल डिफ्युजनच्या जुन्या आवृत्त्या मजकूर पंचाहत्तर शब्द-तुकड्यांच्या गठ्ठ्यांनी वाचतात. आधी चेहरा, दागिने, आभाळ यांवर शब्द उधळले की भाराचं वर्णन मागच्या गठ्ठ्यात जातं आणि त्याचा जोर कमी होतो.

'डायनॅमिक', 'एपिक', 'मास्टरपीस' हे शब्द काढून टाका. त्यांनी केस उडतात, धूळ उडते, पोज तीच राहते. त्याऐवजी साधी सपाट जमीन आणि पायाखाली स्पष्ट सावली मागा. पाऊल जिथे टेकलंय तिथे गडद सावली आली तर पाऊल खरं टेकलंय की नाही हे लगेच दिसतं.

याच तपासणीतला दुसरा भाग लोकांना पटत नाही, पण मी हट्टाने सांगते: पोजच्या संग्रहात वेशभूषा घालू नका. माणसाला घट्ट, साधे, एकरंगी कपडे द्या. नऊवारीचा काष्टा हे उत्तम उदाहरण आहे. नऊवारीत दोन्ही पाय वेगळे असतात, कापड मागे खोचलेलं असतं, आणि पाय फाकला की निऱ्या कुठे ताणल्या जातात ते पूर्ण त्या पायावर ठरतं. मॉडेल बहुतेक वेळा खाली परकरासारखा घोळ करून मोकळं होतं. मग त्या घोळाखाली पाय कसे आहेत हे ना त्याला माहीत, ना तुम्हाला. पोज एका फोल्डरमध्ये, कापड दुसऱ्यात, वस्तू तिसऱ्यात. कापडासाठी मी एआयकडे जातच नाही. महादेव विश्वनाथ धुरंधरांची (१८६७–१९४४) चित्रं बघते. बसलेली, वाकलेली, घागर घेतलेली बाई नऊवारीत कशी दिसते हे त्यांनी इतकं बारकाईने काढून ठेवलंय. भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे ती अडचणही नाही.

३. कागदाचा आकार

हे पटकन. उभा माणूस चौकोनी कॅनव्हासवर मागितला तर पावलं कापली जातात, आणि पावलं कापलेली पोज म्हणजे भार लपवलेली पोज. स्टेबल डिफ्युजन १.५ हे ५१२ × ५१२ वर शिकलेलं आहे. उभ्या माणसाला ५१२ × ७६८ चालतं, त्याहून फार मोठं केलं की दुसरं डोकं किंवा दुसरं धड उगवायला लागतं. एसडीएक्सएल, म्हणजे स्टेबल डिफ्युजनची नंतरची मोठी आवृत्ती, १०२४ × १०२४ ची आहे, त्यात मी ८३२ × १२१६ घेते. आधी लहान काढा, पोज पास झाली तर मग मोठी करा.

४. नोंद

'छान आलेली पोज परत येत नाही' यावर उपाय एवढाच: पीएनजी फाइल आहे तशी ठेवा. स्टेबल डिफ्युजनचे बहुतेक इंटरफेस प्रॉम्प्ट (आपण लिहिलेलं वर्णन), सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा), मॉडेलचं नाव हे सगळं पीएनजीच्या पोटातच लिहून ठेवतात. ती फाइल मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवली की तिची जेपीईजी होते आणि पोटातली माहिती जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचं नाव मी 'भार-उजवा_कॅमेरा-खालून_वाकलेला_०१२' असं ठेवते. 'पैलवान_फायनल_नवीन_२' अशी नावं ठेवणाऱ्यांना सहा महिन्यांनी देवच सापडतो, फाइल सापडत नाही.

५. सांगाडा ऐकत नसेल तर

आता खरी तांत्रिक तपासणी. कंट्रोलनेट २०२३ च्या फेब्रुवारीत आलं, आणि ओपनपोज या फोटोतून सांधे शोधणाऱ्या साधनाचा रंगीत काड्यांचा सांगाडा देऊन हवी ती पोज मिळवता येऊ लागली. पण मला येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त याच जागेच्या असतात. खालच्या क्रमाने बघा.

सांगाड्याचा प्रिव्ह्यू उघडा. तो पूर्ण काळा असेल तर फोटोतून माणूस ओळखलाच गेला नाही आणि मॉडेल रिकाम्या पाटीवर चित्र काढतंय. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की तुम्ही फोटोऐवजी आधीच तयार केलेला सांगाडा दिलाय, आणि प्रीप्रोसेसर (फोटोतून सांगाडा काढणारा भाग) 'ओपनपोज' वरच राहिलाय. तो बिचारा काड्यांच्या चित्रात माणूस शोधतो आणि त्याला काही सापडत नाही. तयार सांगाडा दिला की प्रीप्रोसेसर 'नन' ठेवायचा. निम्म्या तक्रारी या एका बटणावर संपतात.

मग जोडी बघा. १.५ साठी बनलेलं कंट्रोलनेट एसडीएक्सएल मॉडेलबरोबर चालत नाही. काही ठिकाणी लाल अक्षरांत एरर येते, काही ठिकाणी काहीच होत नाही आणि आपण तासभर प्रॉम्प्ट बदलत बसतो.

मग आकार. सांगाडा उभा आणि कॅनव्हास चौकोनी असेल, रिसाइझ 'क्रॉप' वर असेल, तर घोट्यापासून खालचं कापलं जातं. पुन्हा पावलं गेली.

आता एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. सांगाड्यातले रंग शोभेसाठी नसतात. उजव्या हाताचे रंग वेगळे, डाव्याचे वेगळे. मला डावीकडून येणारा पैलवान उजवीकडून हवा होता, म्हणून मी सांगाड्याचं चित्रच आडवं पलटलं. त्यामुळे उजव्या हाताचा रंग भलत्या बाजूला गेला. समोर तोंड असलेल्या माणसाचे हात आता पाठमोऱ्या माणसासारखे झाले, पण नाक-डोळ्यांचे ठिपके तसेच राहिले. आलेल्या चित्रात छाती समोर, खांदे मागून बघितल्यासारखे, आणि अंगठे बाहेरच्या बाजूला. पलटायचं असेल तर आधी मूळ फोटो पलटा आणि त्यातून सांगाडा नव्याने काढा. पाठमोरा माणूस हवा असेल तर सांगाड्यातले नाक आणि डोळे पुसा, कान राहू द्या.

६. सांगाड्यात नसलेलं

सगळी सेटिंग्ज बरोबर आहेत आणि तरी पोज टांगलेलीच येते, तेव्हा इथे थांबून विचार करायचा. ओपनपोजच्या नेहमीच्या सांगाड्यात १८ ठिपके असतात: नाक, मान, दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, कमरेचे दोन सांधे, दोन गुडघे, दोन घोटे, दोन डोळे, दोन कान. मोजून बघा, यात पाऊल नाही. सांगाडा घोट्यापाशी संपतो. पावलाची दिशा, टाच उचललेली की टेकलेली, हे सगळं मॉडेल मनाने ठरवतं. खोट्या पावलांचं कारण हे.

पाठीचा कणाही नाही. मानेपासून कमरेच्या दोन सांध्यांपर्यंत दोन सरळ काड्या, बस्स. पोट आत घेतलंय, छाती पुढे काढलीय, कणा वळलाय, यातलं काहीच त्या दोन काड्यांत मावत नाही. आपल्या मूर्तिकारांनी उभं राहण्याचे समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग असे प्रकार केले ते नेमकं याच गोष्टीसाठी, धड कुठे मोडतं ते सांगायला. पंढरीचा विठोबा समचरण, हात कमरेवर. तो या सांगाड्यातून पहिल्या फटक्यात नीट येतो, कारण त्यात मोडण आहेच कुठे? बासरीवाला कृष्ण त्रिभंगात मागा, धड काठीसारखं येईल आणि पाय मात्र एकमेकांवर ओढूनताणून ठेवलेले.

तिसरी उणीव खोलीची. कॅमेऱ्याकडे रोखलेला हात सांगाड्यात नुसती आखूड काडी होतो. हात पुढे आलाय, मागे गेलाय की माणसाचा हातच तोकडा आहे, काडीवरून काय कळणार?

उपाय म्हणजे सांगाड्याच्या जोडीला डेप्थ नकाशा. हा राखाडी रंगाचा नकाशा असतो, जवळचं पांढरं, लांबचं काळं. यात कण्याचा बाक, पुढे आलेला गुडघा, पावलाचा उतार सगळं येतं. पण तो फार हट्टी असतो. फोटोतल्या माणसाची ढेरी, शर्टाची बाही, हातातला मोबाइलसुद्धा घेऊन येतो. म्हणून मी सांगाड्याचं वजन ०.९ ते १ आणि डेप्थचं ०.४ ते ०.६ ठेवते, आणि डेप्थला निम्म्या वाटेवर, ०.५ च्या आसपास, सोडून देते. सुरुवातीच्या टप्प्यांत शरीराची ठेवण ठरते, पुढच्या टप्प्यांत अंगकाठी मला हवी तशी होते. हे आकडे माझ्या मशीनवरचे. तुमच्याकडे थोडे पुढेमागे होतील.

७. मूळ फोटो

सांगाडा आणि डेप्थ कशातून काढता? एआयनेच बनवलेल्या चित्रातून काढत असाल तर टांगलेल्या माणसाची टांगलेली पिल्लं होणार. मूळ खऱ्या माणसाचं हवं.

सगळ्यांत स्वस्त माणूस घरातला. माझा भाचा वडापावच्या बोलीवर तासभर उभा राहतो. फोन तिपाईवर, साधारण कमरेच्या उंचीवर, आणि आठ-दहा फूट लांब. जवळून काढला की फोनच्या रुंद लेन्समुळे पुढचा हात भोपळ्याएवढा आणि पाय बाहुलीचे येतात. मग तोच फोटो बघून मॉडेलही तेच प्रमाण पकडतं. टायमर लावून एकच पोज आठ दिशांनी घ्या, मग फोन जमिनीवर ठेवून खालून, मग स्टुलावर चढून वरून. 'सगळ्या पोज समोरूनच' हे लक्षण इथे बरं होतं. प्रॉम्प्टमध्ये 'खालून बघितलेला' लिहून ते क्वचितच बरं होतं, कारण माणसं जगभर एकमेकांचे फोटो डोळ्याच्या उंचीवरूनच काढतात आणि मॉडेलने तेच पाहिलंय.

फोटो काढताना त्या माणसाला खरं काम द्या. 'बादली उचलल्यासारखं कर' म्हटलं की भाचा रिकामी बादली उचलल्यासारखं करतो. बादलीत पाणी भरल्यावर त्याचा दुसरा खांदा आपोआप वर गेला, मान कलली, रिकामा हात बाजूला झाला. तो दुसरा हात मी आयुष्यात कल्पनेने काढला नसता.

ज्याचे फोटो घेताय त्याला हे कशासाठी ते सांगा. दुसऱ्यांच्या मुलांचे गॅदरिंगचे फोटो उचलून ऑनलाइन साधनात टाकू नका. स्वतःच्या मशीनवर सांगाडा काढला तर चेहरा घराबाहेर जात नाही, आणि संग्रहात फक्त सांगाडा आणि डेप्थ ठेवला तरी पुरतो.

माणूस मिळत नसेल तर दोन वाटा. एक, ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये साधा पुतळा. शिकायला आठवडा जातो, पण कॅमेरा हवा तिथे नेता येतो आणि डेप्थ थेट मिळतो. तोल मात्र तुम्हालाच बघावा लागतो, ब्लेंडरचा पुतळाही खुशाल टांगलेला राहतो. दोन, एडवर्ड मायब्रिज हा जुना छायाचित्रकार. त्याने १८८४ ते १८८७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात चालणारी, उडी मारणारी, ओझं उचलणारी, कुस्ती खेळणारी माणसं अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. १८८७ साली त्याचे ७८१ तक्ते निघाले. आता ते सगळ्यांना खुले आहेत. पाठीमागे चौकटींची जाळी आहे, म्हणजे ओळंबा आखायचेही कष्ट नाहीत. दाणेदार काळ्या-पांढऱ्या फोटोत सांगाडा कधी कधी चुकतो. मग ठिपके हाताने ओढून जागेवर आणा.

८. दोन शरीरं

इथवर आलात तर तुमचं काम अवघड आहे, तुम्ही नाही. धोबीपछाड, ढाक, एकेरी पट यांत चार हात आणि चार पाय एकमेकांत अडकलेले असतात. अर्धे सांधे झाकलेले. सांगाडा काढणारं साधन दिसतील ते ठिपके जोडून दोन माणसं करायला बघतं, आणि एकाचं कोपर दुसऱ्याच्या खांद्याला लावून मोकळं होतं.

मी दोन गोष्टी करून बघितल्या. दोघांचे फोटो वेगवेगळे काढून सांगाडे नंतर एकत्र ठेवले. ठिपके बरोबर आले, पण पकड खोटी आली, कारण एकटा उभा असलेला माणूस कुणाला रेटत नसतो. मग ब्लेंडरमध्ये दोन पुतळे गुंफून डेप्थ काढला. ते बरं जमलं, पण एका पकडीला पूर्ण दिवस गेला. कुस्तीच्या पकडी मी आता एआयवर करतच नाही.

कुठे थांबायचं

एका पोजला तासभर किंवा चाळीस चित्रं, जे आधी संपेल ते. त्यानंतर पोज सुधारत नाही, आपली नजर सैल होते आणि आपण टांगलेल्यालाच 'चालेल' म्हणायला लागतो.

चित्र बनवताना संगणक अचानक बंद पडत असेल, परत सुरू होत असेल किंवा जळका वास येत असेल तर सेटिंग्जमध्ये उत्तर शोधू नका. लगेच बंद करा, प्लग काढा आणि हार्डवेअरवाल्याला बोलवा. पॉवर सप्लाय कमी पडणं किंवा ग्राफिक्स कार्ड तापणं हा घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसण्याचा विषय नाही. नुसती 'मेमरी अपुरी' अशी सूचना असेल तर घाबरू नका, आकार कमी करा. १.५ चार-सहा जीबीच्या कार्डावर निभावतं, एसडीएक्सएलला आठ जीबी असलेलं बरं.

काम पैशाचं असेल तर एआयचा वापर रेफरन्सपुरता चालेल का, हे प्रकाशकाला सुरुवातीलाच लेखी विचारा. करारातल्या कलमाचा अर्थ लागत नसेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

फेक, मल्लखांब, डोकं खाली पाय वर असलं काहीही रेफरन्ससाठी घरच्या माणसाकडून करवून घेऊ नका. भाच्याला मी एकदा एका पायावर मागे झुकायला लावलं आणि त्याचं डोकं कपाटाच्या कडेपासून चार बोटांवरून गेलं. तेव्हापासून असल्या पोजसाठी ज्याला ते येतं त्याच्याकडेच जाते. लावणीच्या पोजला लावणी शिकवणाऱ्या बाईंकडे, कुस्तीला तालमीत. तासाचे पैसे आधी ठरवायचे, फोटो कशाला वापरणार ते सांगायचं आणि एक प्रत त्यांना द्यायची.

तालमीत जाणार असाल तर पहाटेच्या मेहनतीच्या वेळी जा, पण आधी वस्तादांना विचारून. चपला बाहेर काढा. बाईमाणसाने हौद्यात उतरलेलं बऱ्याच जुन्या तालमींत चालत नाही. मी कट्ट्यावर बसते. तिथून मातीत रुतलेल्या टाचा नजरेच्या बरोबर समोर येतात.